सेवाग्रामचे लग्न आणि संवादाची कसोटी

चळवळीच्या कोणत्याही बैठकीत बसा, एक वाद हमखास निघतो. सवर्णांशी बोलायचे की नाही? एक गट म्हणतो, बोलून काय उपयोग? जात ही त्यांच्या हाडामासात भिनलेली आहे, चार गोड शब्दांनी ती निघणार नाही. दुसरा गट म्हणतो, आपण कडवट बोलतो म्हणून समोरचा माणूस दूर जातो. आदराने बोला, संयमाने बोला, माणूस बदलतो. दोन्ही गटांत आमचेच लोक आहेत आणि दोघांचीही तळमळ खरी आहे. पण वाद तिथेच अडकतो. कारण उदाहरण कुणी देत नाही.

उदाहरण आमच्या विदर्भातच आहे. वर्ध्यापासून अवघ्या आठेक किलोमीटरवर, सेवाग्रामला. तिथे एक पक्का नास्तिक माणूस एका पक्क्या आस्तिकाशी तीन-चार वर्षे अत्यंत आदराने बोलत राहिला. आस्तिक होते गांधी. नास्तिक होते गोपराजू रामचंद्र राव, ज्यांना आंध्रात आणि देशभरच्या विवेकवाद्यांत गोरा या नावाने ओळखतात. महाराष्ट्रात हे नाव निरीश्वरवादी मंडळींपलीकडे फारसे घेतले जात नाही. पण जातिअंताच्या प्रश्नाशी त्यांचे आयुष्य इतके निगडित आहे, की ते आमच्या वाचकांना माहीत असायलाच हवे.

गोरा यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०२ चा, ओरिसातल्या गंजाम जिल्ह्यातील छत्रपूरचा. घर तेलुगू, उच्चजातीय, सोवळ्याओवळ्याचे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी वनस्पतिशास्त्रात एम. ए. केले. १९२२ साली लग्न झाले तेव्हा पत्नी सरस्वती दहा वर्षांच्या होत्या. पुढे त्या गोरांच्या कामातल्या बरोबरीच्या भागीदार झाल्या. त्यांच्याशिवाय गोरांचे चरित्र सांगणे म्हणजे रमाईंशिवाय बाबासाहेबांचे चरित्र सांगण्यासारखे आहे.

गोरा पुस्तके वाचून नास्तिक झाले नाहीत. पटेल ते करून पाहायचे, ही त्यांची रीत. भुताटकीचे म्हणून ओस पडलेल्या घरात ते मुद्दाम राहायला गेले. भूत काही भेटले नाही. ग्रहणात गर्भार बाईने बाहेर पडू नये असे सारे सांगत असताना सरस्वती गर्भारपणी ग्रहणात बाहेर पडल्या. मूल धडधाकट जन्मले. मग जानवे गेले, आणि जानव्याबरोबर घरही गेले. ज्या घरात जन्म घेतला त्या घराचे दार बंद झाले. कोलंबो, मदुराई, काकीनाडा, मछलीपट्टणम असे ते शिकवत फिरले. विद्यार्थ्यांचे लाडके प्राध्यापक होते, पण नास्तिकपणा लपवत नव्हते. १९३३ साली काकीनाड्याच्या कॉलेजातली नोकरी गेली, पुढे मछलीपट्टणमचीही गेली. तेव्हा कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनुरु गावच्या लोकांनी त्यांना बोलावून घेतले. तिथे १९४० साली गोरा आणि सरस्वती यांनी नास्तिक केंद्र सुरू केले.

नाव नास्तिक केंद्र, पण काम काय? प्रौढांची साक्षरता, अस्पृश्यता निर्मूलन, आणि सर्व जातींची सहभोजने. महाराष्ट्रात अनंत हरी गद्रे झुणका-भाकरीच्या पंगती बसवत होते, तसेच हे काम. गोरांचे म्हणणे साधे होते. देव आहे असे मानले की कर्म आले, कर्म आले की जन्माने उच्चनीच आले. माणसाने जबाबदारी स्वतःकडे घेतली की अस्पृश्यता टिकायला जागाच उरत नाही. १९४२ च्या आंदोलनात हे कुटुंब तुरुंगात गेले. सरस्वती तान्ह्या मुलासह गेल्या. मुलांची नावेसुद्धा त्यांनी देवादिकांची ठेवली नाहीत. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी झालेला मुलगा लवणम, महायुद्धाच्या वर्षी झालेला समरम.

असा माणूस सेवाग्रामला का गेला, हे समजण्यासाठी आधी सेवाग्राम काय होते ते पाहू. कारण आमच्या वाचकांच्या मनात या जागेविषयी जे आहे, ते विनाकारण नाही.

मूळचे हे सेगाव. गांधी तिथे राहायला गेले ते १९३६ च्या एप्रिलच्या शेवटी. गावात बहुसंख्य वस्ती अस्पृश्यांची. गाव जमनालाल बजाज यांच्या मालकीचे. याच बजाजांनी १९२८ साली वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले होते. गांधी सेगावला आले आणि लगेच, मे महिन्याच्या पहिल्या दिवशी, स्वतः बाबासाहेब तिथे त्यांना भेटले. येवल्याची धर्मांतराची घोषणा होऊन सहा-सात महिने झाले होते. बजाज आणि वालचंद हिराचंद यांनी या भेटीत रस घेतला होता. बोलणे झाले, पण निष्पन्न काही झाले नाही.

त्याच महिन्यात बाबासाहेबांचे जातिप्रथेच्या विध्वंसनावरचे भाषण छापून बाहेर आले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने ते भाषण करायला बोलावले होते, पण मजकूर पाहून मंडळ घाबरले. बाबासाहेबांनी मजकूर बदलायला नकार दिला, मंडळाने परिषदच रद्द केली, आणि बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने दीड हजार प्रती छापल्या. जात मोडायची तर आंतरजातीय विवाह हवा आणि ज्या शास्त्रांच्या आधारावर जात उभी आहे त्या शास्त्रांवरची श्रद्धा मोडली पाहिजे, हा त्याचा गाभा. गांधींनी हरिजन साप्ताहिकातून त्यावर टीका केली. वर्णाची बाजू घेतली. बाबासाहेबांनी पुढच्या आवृत्तीत उत्तर दिले. हाही एक संवादच होता. सभ्य भाषेत, पुराव्यांसह, छापील. त्याने गांधी बदलले का? त्या वेळी तरी नाही.

ही पार्श्वभूमी ठेवून आता गोरांकडे येऊ.

गोरांनी १९३० च्या सुमारास गांधींना पत्र लिहून विचारले, की तुम्ही देव हा शब्द वापरता त्याचा अर्थ काय आणि रोजच्या जगण्याशी त्याचा मेळ कसा? उत्तर एका ओळीचे आले: देव माणसाच्या आकलनापलीकडचा आहे. प्रश्न तिथेच मिटवला गेला. १९४१ साली गोरांनी पुन्हा लिहिले. अस्पृश्यता निर्मूलनात नास्तिकतेचा उपयोग होतो असा आमचा अनुभव आहे, त्यावर भेटून बोलायचे आहे. गांधींनी कळवले, की नास्तिकता म्हणजे स्वतःलाच नाकारणे, तिचा प्रसार कुणालाच साधलेला नाही, तुम्हाला यश मिळाले असेल तर ते तुमच्या प्रामाणिक कामामुळे. आणि चर्चेसाठी वेळ नाही.

इथे थांबून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्या संवादाचे आज कौतुक होते, त्याची सुरुवात नकाराने झाली. गोरांनी तो नकार अपमान म्हणून घेतला नाही आणि तोंड बंदही केले नाही. ते मुदुनुरुला परतून आपल्या कामाला लागले. तीन वर्षांनी, १९४४ साली, त्यांचा एक सहकारी सेवाग्रामला गेला. त्याच्याकडून गांधींना या नास्तिकांच्या कामाची माहिती कळली आणि मग गोरांना बोलावणे आले. म्हणजे दार उघडले ते युक्तिवादाने नव्हे, कामाने.

नोव्हेंबर १९४४ च्या अखेरीस गोरा सेवाग्रामला पोहोचले. फिरता फिरता बोलणे सुरू झाले. देव नसणे आणि नास्तिकता यात फरक काय, असे गांधींनी विचारले. गोरांनी सांगितले, की एक नुसता नकार आहे, दुसरी जगण्याची पद्धत आहे. मग त्यांनी बंगालच्या दुष्काळाचे उदाहरण दिले. १९४३ साली कलकत्त्याच्या रस्त्यावर माणसे उपाशी मरत होती, आणि शेजारी दुकानांत मिठाई मांडलेली होती. मरणाऱ्याने हात पुढे केला नाही, कारण हे आपले नशीब आहे असे त्याला वाटत होते. खाणाऱ्याला लाज वाटली नाही, कारण ज्याचे त्याचे कर्म असे त्यालाही वाटत होते. दोघेही देव मानणारे. दोघांनी देव मानला नसता तर? पोट भरलेल्याला जबाब द्यावा लागला असता.

हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. तथागतांपासून फुल्यांपर्यंत आणि फुल्यांपासून बाबासाहेबांपर्यंत तो वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेला आहे. गांधींनी तो ऐकून घेतला. माझे आस्तिक्य बरोबर आणि तुमचे नास्तिक्य चूक असे मी म्हणू शकत नाही, आपण दोघेही सत्य शोधतो आहोत, चूक कळेल तेव्हा मी बदलेन, अशा आशयाचे ते बोलले. तीन वर्षांपूर्वी नास्तिकता म्हणजे स्वतःला नाकारणे असे लिहिणारा माणूस हे बोलत होता. पुढच्या वर्षी गोरांचे कुटुंब आणि सहकारी काही काळ सेवाग्रामला राहून गेले. १९४५ चे ते साल. त्याच साली बाबासाहेबांचे काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले हा हिशेब मांडणारे पुस्तक प्रसिद्ध झाले, हेही लक्षात ठेवावे.

आता लग्नाची गोष्ट. गोरा आणि सरस्वती यांनी ठरवले, की थोरली मुलगी मनोरमा हिचे लग्न अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या तरुणाशी करायचे. तरुणाचे नाव अर्जुनराव. १९४६ साली हा विचार गांधींच्या कानावर घातला. त्यांना तो आवडला. लग्न सेवाग्रामलाच करू, मी स्वतः लावीन, असे ठरले. मुलीचे वय लहान म्हणून दोन वर्षे थांबावे आणि तोवर अर्जुनरावांनी आश्रमात येऊन राहावे, असे त्यांनी सुचवले.

इथे गोरांची खरी परीक्षा होती. आश्रमातली लग्ने देवाच्या नावाने होत. वधूपिता नास्तिक. एवढ्या मोठ्या माणसाने एवढा मोठा होकार दिल्यावर शब्दासाठी कोण अडून बसतो? आपल्यापैकी कितीजण बसले असते? गोरा बसले. देवाचे नाव चालणार नाही, असे त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट सांगितले. आणि गांधींनी मान्य केले, की या लग्नात देवाच्या जागी सत्याचे नाव घेऊ. ज्या माणसाची प्रार्थना एक दिवस चुकत नसे, त्याने आपल्या आश्रमातल्या विधीतून देवाचा शब्द काढायला होकार दिला.

आदराने बोलणे म्हणजे मागे सरणे नव्हे, हे आमच्या सौम्य मित्रांनी इथे टिपून घ्यावे. गोरांनी गांधींचा मान राखला, पण त्यांच्या श्रद्धेला मान तुकवली नाही. माणसाचा आदर आणि मताचा आदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिल्याच्या नावाखाली दुसरा वसूल केला जातो.

३० जानेवारी १९४८ ला गांधींचा खून झाला. ज्यांना बोलायचे नव्हते त्यांनी पिस्तूल वापरले. लग्न मात्र राहिले नाही. १३ मार्च १९४८ रोजी, ठरल्याप्रमाणे सेवाग्रामलाच, मनोरमा आणि अर्जुनराव यांचे लग्न झाले. गांधींच्या पश्चात देशभरचे कार्यकर्ते त्याच आठवड्यात तिथे जमले होते. देवाचे नाव घेतले गेले नाही.

महिनाभराने, १५ एप्रिल १९४८ ला, दिल्लीत बाबासाहेबांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे आमच्या माईसाहेबांशी, विवाह झाला. सरदार पटेलांनी अभिनंदनाच्या पत्रात लिहिले, की बापू असते तर त्यांनी आशीर्वाद दिले असते. बाबासाहेबांनी उत्तरात ते मान्य केले. आयुष्यभर ज्यांच्याशी लढले, त्यांच्याविषयी एवढे मान्य करायला बाबासाहेबांना संकोच वाटला नाही. हा मोठेपणा आमच्याकडचा आहे.

तर मग निष्कर्ष काय काढायचा? आदराच्या संवादाने गांधी बदलले, आता सगळ्यांनी असेच बोलावे, असा? आम्हाला तो मान्य नाही. आमच्या तीन हरकती आहेत.

पहिली. गांधी बदलले हे खरे. १९२० च्या सुमारास आंतरजातीय विवाहाच्या बंदीत त्यांना संयम दिसत होता. १९३५ साली जात गेली पाहिजे असे ते लिहू लागले, तरी वर्ण सुटला नव्हता. १९४६ पर्यंत, वधूवरांपैकी एक जण अस्पृश्य समाजाचा नसेल तर त्या लग्नाला आशीर्वाद देणार नाही, इथवर ते आले. हा प्रवास पंचवीस वर्षांचा. या पंचवीस वर्षांत गोरांशी झालेले बोलणे शेवटच्या तीन-चार वर्षांचे. त्याआधी काय झाले? १९२७ चे महाड झाले. १९३० चे काळाराम मंदिर झाले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना समोरासमोर खडे बोल सुनावले. गोलमेज झाली, पुणे करार झाला, येवला झाले. बाबासाहेबांच्या वीस वर्षांच्या नांगरटीनंतर गोरांचे बी रुजले. नांगराचे नाव न घेता पेरणाऱ्याचेच कौतुक करायचे, ही लबाडी आम्ही चालू देणार नाही. स्वतः गोरांनीही ती केली नसती.

दुसरी. गोरांना जे ऐकून घेतले गेले, ते बाबासाहेबांना का नाही? बाबासाहेब कमी सभ्य होते म्हणून? मुळीच नाही. गोरा काही मागत नव्हते. ते घरातलेच, वरच्या जातीचे, वेगळे मत असलेले पाहुणे होते. बाबासाहेब वाटा मागत होते. स्वतंत्र मतदारसंघ, सत्तेतली भागीदारी, माणूस म्हणून हक्क. श्रद्धेवर बोलताना माणूस उदार होतो, सत्तेवर बोलताना होत नाही. बोलण्याने मत बदलते. वाटा मात्र संघटनेने आणि कायद्याने मिळतो. सेवाग्रामच्या संवादाने एका जोडप्याचे लग्न लागले. भिन्न जातींच्या हिंदू विवाहांना सरसकट कायदेशीर मान्यता मिळाली ती १९४९ च्या कायद्याने. त्या वेळी कायदामंत्री कोण होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

तिसरी हरकत अर्जुनरावांविषयी. या सगळ्या कथेत दोन थोर माणसे बोलतात, आणि ज्याचे लग्न आहे तो दलित तरुण आश्रमात राहून तयारी करतो. वधूचे वय लहान म्हणून थांबणे समजते. पण तयारी एकट्या वराचीच का? जातीचा रोग ज्यांना आहे त्यांची तयारी करायची की रोगाचा मार खाल्लेल्याची? हेतू चांगला असेल, पण दलिताने आधी लायक व्हावे आणि मग समतेचे दार उघडावे, ही भाषा आम्ही आजही प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक घरभाडे ठरवताना ऐकतो. अर्जुनराव काय म्हणाले हेही कुणीतरी तितक्याच आस्थेने लिहून ठेवायला हवे होते.

या हरकती घेऊनही आम्ही गोरांना आपले मानतो. कारण त्यांचे बोलणे कधीच फुकटचे नव्हते. आधी नोकरी गेली, घर गेले, आणि मग मुलगी दिली. ज्याने स्वतःचे काही पणाला लावले नाही त्याच्या संवादाला वजन येत नाही. पुढेही ते असेच राहिले. स्वातंत्र्यानंतर ते सत्तेच्या मांडवात शिरले नाहीत. पक्षविरहित लोकशाहीचा आणि मंत्र्यांनी साधे राहण्याचा आग्रह घेऊन १९६१-६२ साली ते सेवाग्रामहून दिल्लीपर्यंत पायी गेले. धाकट्या पिढीतही बेटीव्यवहार सुरू राहिला. लवणम यांच्या पत्नी हेमलता या तेलुगूचे थोर दलित कवी गुर्रम जाषुवा यांच्या कन्या. १५ ऑगस्ट १९७२ ला गोरांनी विजयवाड्यात गोमांस आणि डुकराचे मांस एकत्र खाण्याचा जाहीर कार्यक्रम केला. हिंदू-मुसलमान दोघांच्याही सोवळ्याला एकाच ताटात आव्हान. विरोध झाला, पण कार्यक्रम झाला. २६ जुलै १९७५ रोजी विजयवाड्यात सभेत बोलता बोलताच त्यांचे निधन झाले. आयुष्यभर बोलत राहिलेला माणूस बोलतानाच गेला. २००२ साली जन्मशताब्दीला त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले.

आता मूळ वादाकडे. बोलायचे की नाही?

आम्ही बुद्धाची लेकरे आहोत, त्यामुळे बोलणे सोडणे आम्हाला परवडणारे नाही. नालंदेचा उपाली गृहपती निगंठांचा अनुयायी. तो तथागतांना वादात हरवायला आला आणि पटल्यावर उपासक व्हायला तयार झाला. तथागतांनी त्याला घाई करू दिली नाही. नीट विचार कर, असे सांगितले. इतकेच नाही, निगंठांना तू आजवर देत आलेले दान पुढेही देत राहा, असेही सांगितले. जगाच्या इतिहासात प्रतिपक्षाचा असा मान राखून मन जिंकणारा दुसरा शोधावा लागेल. आणि महापरिनिर्वाणाच्या आधी दोन आठवडे, २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत, बाबासाहेबांनी मार्क्सपेक्षा बुद्धाचा मार्ग का पसंत केला ते सांगितले. बळाने आणलेला बदल बळ हटताच जातो, मन वळवून आणलेला टिकतो, हे त्याचे सार. मन वळवण्यावर आमचा विश्वास आहे, तो असा आहे.

पण बोलण्यासाठी दोन माणसे एका पातळीवर बसावी लागतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी नितीन आगे या सतरा वर्षांच्या मुलाला मारून टाकले गेले. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढाच संशय. २०१७ साली खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. जिथे बोलणे हाच गुन्हा ठरतो, तिथे आदराने बोला हा उपदेश कुणाला करायचा? नरेंद्र दाभोलकर तर आयुष्यभर आदरानेच बोलले. देवाधर्माला शिवी न देता, कायद्याच्या चौकटीत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. म्हणून संवादाचा उपदेश आधी त्यांना करावा ज्यांच्या हातात काठी आहे. आमच्या हातात संघटना, संविधान आणि शब्द एवढेच आहे, आणि तिन्ही एकाच वेळी वापरावे लागतात.

शेवटी एक गोष्ट, जी लिहिताना आमचाच हात जड होतो. सवर्णांची मते बदलतील का, हे आपण विचारतो. आपली बदलतात का? आमच्या विदर्भात धम्मदीक्षेला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी वधू-वर मेळाव्यात अजून हळूच विचारतात, बावणे की लाडवन? कोसरे असेल तर पाहू, असे म्हणणारे बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेले लोक आम्ही पाहिले आहेत. मातंग, चर्मकार, वाल्मीकी घरात मुलगी द्यायची म्हटली की मंचावरचे भाषण घरच्या उंबरठ्यावर अडते. यावर आपण एकमेकांशी किती बोललो? आदराने तरी, रागाने तरी?

गोरांनी गांधींना नास्तिक केले नाही. गांधींनी गोरांना आस्तिक केले नाही. दोघांची श्रद्धा होती तिथेच राहिली. पण एका मुलीचे लग्न झाले आणि एका विधीतला एक शब्द बदलला. संवादाचे माप आम्ही यापुढे हेच धरावे असे आम्हाला वाटते. समोरच्याला किती पटले हे विचारू नये. बोलून उठल्यावर त्याने काय केले, आणि आपण काय केले, हे विचारावे. या हिवाळ्यात आपल्या घरी स्थळे येतील. पोटजात विचारणारा पाहुणा दारात बसेल. त्याला पाणी द्या, मान द्या, आणि तो प्रश्न या घरात चालत नाही असे शांतपणे सांगा.